रशियन डोळा आणि तापाची बंदूक

जगूकाका समोर आलेला चहा कधी नुसता उचलत नसत. आधी त्याच्यावर बंदूक रोखायचे.

घाबरू नका. कारखान्यात यंत्रं किती तापली ते लांबून मोजतात, ती ही बंदूक. घोडा दाबला की समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेत आकडा उमटतो. काका तिला 'तापाची बंदूक' म्हणत. चहा सत्तरच्या वर असला तर बशी, साठच्या खाली असला तर काकींना परत. एकदा गावातल्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी बटाट्याच्या भाजीवर ठिपका टाकला आणि वाढप्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ही सकाळची आहे. मुलीचे मामा धावत आले. काकांनी त्यांच्याही कपाळावर ठिपका टाकला आणि शांतपणे म्हणाले, तुम्ही मात्र चांगलेच तापलाय.

वसई पूर्वेच्या ज्या कारखान्यात काका फिटर होते तो बंद पडला, तेव्हा मालकाने प्रत्येकाला विचारलं की आठवण म्हणून काय देऊ. बाकीच्यांनी भिंतीवरची घड्याळं घेतली. काकांनी बंदूक मागून घेतली.

"गरम आहे म्हणजे आहे," हे त्यांचं एकूण जगाबद्दलचं मत होतं. थांब्यावर पोचले की आधी बाकावर ठिपका. बाक गरम निघाला तर आत्ताच माणसं उठून गेलीत, बस गेली, असं म्हणून ते चालायला लागत. थंडीत हे बरोबर निघायचं. उन्हाळ्यात बाक दिवसभर गरम असायचा आणि काका दिवसभर चालायचे.

नंदाखालला आमचं घर त्यांच्या वाडीला लागून. बाबा मिठागरावर कामाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, फिजिक्स घेऊन पास झालेली पहिली मी, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हापासून काकांनी माझं नावच टाकून दिलं. कुंपणापलीकडून हाक यायची, "ए बीएस्सी, जरा इकडे ये."

ही हाक बहुतेक वेळा घुशींबद्दल असायची.

घूस म्हणजे मांजराने बघून न बघितल्यासारखं करावं एवढा मोठा उंदीर. काकांच्या केळीच्या वाडीत घुशींनी खालून असं पोखरून ठेवलं होतं की उभी केळ सकाळी आडवी दिसायची. पण काकांचं म्हणणं असं की या घुशी त्यांच्या नव्हेतच. या आबांच्या घुशी.

आबा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, राहायला बांधाच्या पलीकडे. बापाच्या मागे वाटणी झाली तेव्हा माड वाटले, केळी वाटल्या, विहिरीच्या पंपाची पाळी ठरली, पितळेची भांडीसुद्धा जोडीजोडीने सुटी झाली. राहिला तो उंदराचा लोखंडी पिंजरा. त्याचे दोन कसे करणार? तो थोरल्याकडे गेला. पुढे काकांना कुणीतरी सांगितलं, की आबा पिंजऱ्यात सापडलेली घूस रात्री बांधावरून काकांच्या वाडीत सोडतात. झालं. काकांनी आपल्याकडची एक पकडून तिकडे सोडली. आबांनी बांधावर काटेरी फांद्या टाकल्या. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. घुशींनी मात्र वाटणी मान्य केलेली नसल्यामुळे त्या दोन्हीकडे येत-जात राहिल्या.

आणि मग काकांनी ते हेल्मेट बनवलं.

पाचूबंदरचा एक जण मालवाहू जहाजावर होता. त्याच्या मिक्सरची मोटर काकांनी दुरुस्त केली, त्याच्या बदल्यात त्याने काकांना रशियन सैन्यातून मोडीत निघालेली एक दुर्बीण दिली. तिच्यातून बघितलं की काळोख हिरवा दिसायचा आणि हिरव्यात सगळं उजेडासारखं स्वच्छ. हा 'रशियन डोळा' काकांनी स्कूटरच्या हेल्मेटवर उजव्या बाजूला बसवला. डाव्या बाजूला तापाची बंदूक, सायकलच्या ट्यूबच्या रबराने करकचून बांधलेली. तिचा घोडा ओढायला सायकलच्या ब्रेकची वायर, वायरीचं दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला ब्रेकच्या मुठीसकट. एवढं सगळं पुढे आल्यावर मान खाली जायला लागली, म्हणून हेल्मेटच्या मागे तराजूचं एक किलोचं वजन. मान सरळ झाली, पण काका वळले की वजन थोडं उशिरा वळायचं, आणि त्यामुळे ते कुणालाही नाही म्हणत असल्यासारखे दिसत.

बाबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हळूच विचारलं, "जगूच्या डोक्यावर ते काय हाय? पानी तापवायचा बंब?"

एक अडचण काकांच्या उशिरा लक्षात आली. बंदुकीचा आकडा बंदुकीच्या मागे उमटतो, आणि बंदूक तर स्वतःच्याच डोक्यावर. म्हणून त्यांनी स्कूटरचा आरसा लावला. पहिल्याच रात्री आरशात पंचावन्न आकडा दिसला. एवढं तापलेलं जनावर म्हणजे घूस नसणार, निदान रानडुक्कर असणार, असं ठरवून काकांनी गलोलीतून मातीच्या तीन गोळ्या मारल्या. सकाळी काकींचं शेण काढायचं घमेलं तीन ठिकाणी चेपलेलं निघालं. मग मला हाक. मी त्यांना सांगितलं की आरशात या काड्याकाड्यांच्या इंग्रजी दोनाचा पाच दिसतो, तुम्ही बघितलं ते बावीस. काका म्हणाले, तुमचं फिजिक्स माझं घमेलं भरून देणार का?

मी आणखीही सांगितलं. ही बंदूक आरपार बघत नाही, फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. केळीच्या पानामागे घूस असली तरी आकडा पानाचाच येणार. हे ऐकून काकांनी बंदुकीची काच बोटाने पुसली. मग विचारलं, "आणि वर गोधडी असली तर?"

"घुशी गोधडी घेतात का, काका?"

ते आत निघून गेले. मला वाटलं, रागावले.

हेल्मेटची कीर्ती गावात वेगळ्या वाटेने पसरली. रशियन डोळ्यातून थोडा हिरवा उजेड मागे सांडायचा आणि काकांचा एक डोळा काळोखात हिरवा दिसायचा. गावातले बस्त्यावभाऊ नातेवाइकाकडचं जेवण उरकून आडवाटेने घरी येत होते, त्यांना केळींमध्ये एक हिरवा डोळा मान हलवून नाही नाही म्हणताना दिसला. त्यांनी क्रूसाची खूण केली, घरापर्यंत पळाले आणि ईस्टरपर्यंत दारूला शिवले नाहीत. त्यांच्या बायकोने काकींकडे गोड वड्या पाठवल्या, कारण न सांगता. आसपासच्या वाड्यांतून केळीचे घड चोरीला जायचेही थांबले. थांबल्या नाहीत त्या फक्त घुशी.

हेच काकींना खटकत होतं. त्या एकदा कुंपणाशी येऊन मला म्हणाल्या, की हा रोज रात्री जातो, पाय ओले करून येतो आणि मग लहान पोरासारखा गाढ झोपतो. आजवर एक घूस आणलेली नाही. विचारलं तर म्हणतो, आबाविरुद्ध पुरावा गोळा करतोय. "तू शिकलेली आहेस," काकी म्हणाल्या, "एकदा त्याच्याबरोबर जा आणि बघ करतो काय."

काकांनाही माणूस हवंच होतं. आरसा त्यांनी काढून टाकला होता, आकडा वाचायला कुणीतरी बाजूला लागणार होतं. शिवाय, ते म्हणाले, पदवीधर साक्षीदार असला तर आबाला पंचांसमोर तोंड उघडता येणार नाही. आबा पिंजरा घेऊन बांधाशी येणार, घूस सोडणार, आणि मी ते या डोळ्यांनी बघणार, असं ठरलं.

पौषातली थंडी होती. बाबांनी मला त्यांचा स्वेटर घालायला लावला. काका पुढे, मी त्यांच्या डाव्या खांद्याशी, असे आम्ही केळींतून निघालो. काका ब्रेक दाबायचे, ठिपका पडायचा, मी कुजबुजत आकडा सांगायची. दगड एकोणीस. माडाचा बुंधा वीस. मग एकदम एकतीस. काकांनी हात वर केला, आम्ही दोघं थिजलो, काकांनी गलोल ताणली. ती आमची मांजर होती. तिने आमच्याकडे असं बघितलं की मला माझ्या पदवीची लाज राखायला तोंड फिरवावं लागलं.

बांधाशी आलो. काटेरी फांद्या केव्हाच कुजून गेल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एका माणसापुरती वाट पडलेली होती. रोजच्या जाण्यायेण्याने पडते तशी. मी म्हटलं, आपण इथेच दबून बसायचं ना? काका सरळ पलीकडे उतरले.

आबांच्या घरी तेव्हा आबा एकटेच. मुलगा विरारला ब्लॉकमध्ये राहायला गेला होता. मोठ्या काकी आदल्या थंडीत गेल्या, झोपेतच. सकाळी आबांनी त्यांना चहाला हाक मारली तेव्हा कळलं. काका त्या दिवशी गर्दीत सगळ्यात मागे उभे होते आणि भावाशी न बोलताच घरी आले होते. हेल्मेट त्यानंतरचं. हा हिशेब मला त्या बांधावर उभं असताना जुळला.

ओटीवर आबांची खाट होती. आबा डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलेले. खाटेशेजारी खुंटीला तो पिंजरा टांगलेला होता, वाटणीतला, भांडणातला. काकांनी रशियन डोळा मला लावून दाखवला. पिंजऱ्यात कांदे होते. उंदरांनी कांदे नेऊ नयेत म्हणून आबांनी कांदे आत आणि उंदीर बाहेर अशी सोय केलेली. दाराच्या तारेवर गंज चढला होता. त्यातून घूस सोडून कैक वर्षं झाली असणार, आणि काका हे रोज रात्री बघत होते.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी हेल्मेट काढून दोन्ही हातांत धरलं होतं, देवळात शिरताना टोपी काढतात तसं. तसेच ते पायरी चढले, हेल्मेट खाटेकडे केलं आणि ब्रेक दाबला. गोधडीवर लाल ठिपका थरथरला.

"पंचवीस," मी वाचलं.

काकांनी श्वास सोडला. "गरम आहे म्हणजे आहे," असं स्वतःशीच पुटपुटून ते मागे वळले.

तेवढ्यात गोधडीतून आवाज आला.

"जगू, रोज गोधडीचा ताप घेऊन जातोस. कपाळावर मार."

काका होते तिथेच उभे राहिले. आबांनी कूस न बदलता एका बोटाने गोधडी भुवयांपर्यंत खाली ओढली. डोळे मिटलेलेच. काकांनी ब्रेक दाबला, या वेळी ठिपका बराच वेळ हलत राहिला, मग त्या सुरकुत्यांत एका जागी बसला.

"चौतीस," मी म्हटलं.

"चौतीस म्हणजे ताप नाही," काका म्हणाले. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"नाही ते मला ठाऊक आहे. जा, झोप आता. आणि ते मडकं डोक्यावर घालून फिरू नकोस, बस्त्याव घाबरतो."

आबांनी गोधडी परत वर घेतली. आम्ही निघालो. बांधावर, त्या पडलेल्या वाटेच्या बरोबर मधोमध, एक घूस बसली होती. एवढी मोठी मी आजवर बघितली नाही. काकांच्या मुठीत ब्रेक अजून दाबलेलाच होता, हेल्मेटचा ठिपका नेमका तिच्यावर पडला होता आणि ती हलत नव्हती. मी त्यांचा हात दाबला. म्हटलं, काका, घूस.

"गरम आहे म्हणजे आहे," काका म्हणाले, आणि तिला वळसा घालून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी काकींनी मला विचारलं, पुरावा मिळाला का? मी म्हटलं, मिळाला, पण अजून बराच गोळा करावा लागेल. काकींनी माझ्याकडे नीट बघितलं, हसल्या, आणि त्या रात्रीपासून काकांसाठी चुलीशी कोरडे मोजे ठेवायला लागल्या.

दिवसाउजेडी दोघं भाऊ पूर्वीसारखेच. रस्त्यात समोरासमोर आले तरी एक माडाकडे बघणार, दुसरा आभाळाकडे. पंपाच्या पाळीवरून निरोप अजून माझ्यामार्फतच जातात.

पण काका येऊन जाईपर्यंत आबा आता गोधडी तोंडावर घेत नाहीत. आमच्याकडे वाडीला पाणी, आणि पाण्याला डास. उघड्या कपाळाने झोपणं गंमत नाही. सकाळी शाळेत जाताना मला आबा दुधाची बरणी घेऊन भेटतात. त्यांच्या कपाळावर डास चावल्याचे ताजे लाल ठिपके असले, की मला कळतं, काल रात्री दोघांची भेट झाली.