मानाचं तण

एका जंगलात हिरवळ होती. मुलांनो, जंगलात हिरवळ असायचीच, त्यात सांगण्यासारखं काय, असं पुढे बसलेला एखादा शहाणा म्हणेल. त्याने जरा दम धरावा. ही हिरवळ सरकारी होती.

सिंह गवत खात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पलीकडच्या जंगलातल्या सिंहाच्या गुहेपुढे हिरवळ होती, म्हणून आपल्याही सिंहाला ती हवीशी झाली. त्याने चार डोंगरांपलीकडून गवत मागवलं, गुहेसमोर लावून घेतलं आणि नंतर त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोठ्यांच्या हौसेचं असंच असतं.

हिरवळ राखायचं काम भिवरा नावाच्या सशिणीकडे होतं. कामाच्या बदल्यात हिरवळीच्या कडेची चार हात रुंद पट्टी तिला दिलेली होती. त्या पट्टीवरचं गवत तिने आणि तिच्या चार पिल्लांनी खायचं. आजूबाजूला नुसता खडक आणि करवंदीच्या जाळ्या. पट्टी होती म्हणून घर चाललं होतं.

एके सकाळी भिवराला हिरवळीच्या मधोमध तीन परकी रोपं दिसली. पानं जमिनीला चिकटलेली, दातेरी, हात लावला तर खरखरीत. त्यातून वर आलेली एक लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळं, कडेला पाच-सहा पांढुरक्या पाकळ्या. दिसायला गोजिरवाणं. भिवराने ते लगेच ओळखलं. ही एकदांडी. हिचं फूल वाळलं की त्याची म्हातारी होते. तुम्ही फुंकर मारून उडवता ना, तीच म्हातारी. एकेका म्हातारीला एकेक बी, आणि वारा नेईल तिथे तिचं सासर. वरून कापली तर ही आडवी पसरते आणि पेरापेराला मुळं सोडते. म्हणून ती फुलाची म्हातारी व्हायच्या आत, ओल्या जमिनीतून, मुळासकट काढायची. एवढं शास्त्र भिवराला येत होतं. ती कुठल्या शाळेत गेली नव्हती, म्हणून येत होतं.

तिने दोन रोपं काढली. तिसऱ्याला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोणाच्या आदेशाने?"

उद्यान अधीक्षक कोल्हेसाहेब उभे होते. जातीने कोल्हेच.

"साहेब, तण हाय ह्ये," भिवरा म्हणाली. "तीनच हुती. दोन काढली, ह्ये एक ऱ्हायलंय. काढते, इषय संपला."

"विषय असा संपत नसतो, भिवराबाई. हे तण आहे हे कोणी ठरवलं?"

"दिसतंय की, साहेब."

"दिसतं ते तुम्हाला. फाइलमध्ये दिसायला हवं."

आणि साहेबांनी तणाची ओळख पटवण्यासाठी समिती नेमली. घुबडाला दिवसा दिसत नाही, म्हणून ते अध्यक्ष झालं. सोबत सदस्य म्हणून माकड आणि मुंगूस. माकड म्हणालं, आमच्याकडे ह्याला दगडीपाला म्हणतात. मुंगूस म्हणालं, छे, ही कंबरमोडी. भिवरा लांबून म्हणाली, तीन नावं हायती पर रोप एकच हाय. तिला कोणी विचारलं नव्हतं. एकवीस दिवस वाद चालला. बाविसाव्या दिवशी घुबडाने डोळे मिटूनच अहवाल वाचला: 'सदर वनस्पती ही वनस्पती असल्याचे प्रथमदर्शनी आढळून आले आहे. ती तण असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

तोवर उरलेल्या एकाच्या जागी तीनशे झाली होती.

"आता काढू का, साहेब?" भिवराने विचारलं.

"म्हणजे काय? काढायचंच. पण पद्धतशीर," कोल्हेसाहेब खुशीत होते. "आपण तण निर्मूलन सप्ताह करणार आहोत. पहिलं तण खुद्द वनराज उपटतील. त्यांची तारीख मागितली आहे."

सिंह दिवसातले वीस तास झोपतो, उरलेल्या चारांत जेवतो. त्याची तारीख मिळायला महिना लागला. त्या महिन्यात भिवराला राहवेना. एका दुपारी तिने पोरांना हाताशी घेऊन टोपलीभर तण काढलं. कोल्हेसाहेबांनी ती टोपली पाहिली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"अहो बाई, काय केलंत हे? तुम्हीच सगळं उपटलंत तर महाराज काय उपटणार?"

भिवराकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ती लेकुरवाळी होती. साहेबांनी तिच्याकडून टोपलीभर रोपं परत लावून घेतली. वर पाणीही घालायला लावलं. मग सगळ्यात जोमदार रोप निवडून त्याच्याभोवती बांबूचं कुंपण घातलं आणि पाटी लावली, 'मानाचं तण. हात लावू नये.' त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायची जबाबदारी भिवरावर आली.

तिने पाणी घातलं. घालताना तिला रडू येई. स्वतःच्या पोरांच्या तोंडचा घास पळवणाऱ्याला आपल्याच हाताने पोसायचं, यासारखं दुःख नाही. तेवढी कडेची पट्टी मात्र तिने कोणालाही न विचारता रोज निंदून साफ ठेवली. ती पट्टी कार्यक्रमपत्रिकेत नव्हती, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सप्ताहाचा दिवस उजाडला. मांडव पडला. हरणांनी स्वागतगीत म्हटलं. वनराजांना एकदांडीच्याच फुलांचा हार घातला, कारण आता हिरवळीवर दुसरं फूल मिळत नव्हतं. भाषणं झाली. प्रत्येक वक्ता म्हणाला की मी दोनच मिनिटं घेणार आहे, आणि प्रत्येकाने आपला शब्द मोडला. शेवटी सिंह उठला, कुंपणाशी आला आणि त्याने मानाचं तण धरून ओढलं.

दांडी तुटून हातात आली. मूळ खाली तसंच राहिलं.

"साहेब, मूळ ऱ्हायलं," भिवरा पुटपुटली.

"श्शू," कोल्हेसाहेब म्हणाले. "फोटो चाललाय."

वार्ताहर कावळ्याने काढलेला फोटो नीट आला नव्हता. त्याने महाराजांना पुन्हा एकदा उपटायची विनंती केली. दांडी परत मातीत रोवली, महाराजांनी परत उपटली. दुसऱ्या वेळी महाराजांचे डोळे मिटले गेले. तिसऱ्या वेळी छान आला. मग कावळा म्हणाला, "आता एक गर्जना होऊन जाऊ द्या, महाराज."

महाराजांनी छाती भरून घेतली आणि गर्जना केली. महिनाभर फुलं वाळून सगळ्या हिरवळीवर म्हाताऱ्या तयारच बसल्या होत्या. त्या एका दमात उडाल्या. आभाळ पांढरं झालं. टेकडीवर, ओढ्याकाठी, शेजारच्या जंगलात, जिथे जिथे जागा होती तिथे म्हाताऱ्या जाऊन उतरल्या. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. असा देखावा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"फारच सुंदर," सिंह म्हणाला. "ही फुलं कोणती? अशीच सगळीकडे असायला हवीत." आणि तो झोपायला गेला.

आता मात्र कोल्हेसाहेबांची पंचाईत झाली. महाराजांना जे आवडलं त्याला तण कसं म्हणायचं? साहेब मोठे चतुर. त्यांनी घुबडाला उठवलं, एकदांडीला 'राजपुष्प' ठरवून घेतलं आणि सप्ताहाचं नाव बदलून 'राजपुष्प सप्ताह' केलं. वर्षभरात सगळी हिरवळ पांढरी-पिवळी झाली. गवताचं पातं औषधालाही राहिलं नाही.

राहिली ती भिवराची पट्टी. तेवढी हिरवीगार.

एके दुपारी फिरताना साहेबांना ती दिसली. ते थबकले.

"एवढ्या फुलांच्या कडेला हे काय वाढलंय?"

"गवात हाय, साहेब," भिवरा म्हणाली. "माझ्या मजुरीचं. तुमीच दिल्यालं."

साहेबांबरोबर आलेल्या घुबडाने डोळे मिटूनच मत दिलं. सदर वनस्पतीला फुलं येत नाहीत, ती राजपुष्पाच्या वाढीला आडवी येते, सबब तण. या वेळी ओळख पटायला एक मिनिटही लागलं नाही. साहेबांनी शिट्टी वाजवली आणि झाडावरची दहा माकडं खाली उतरली.

"साहेब," भिवराने विचारलं, "समिती न्हाई? सप्ताह न्हाई? म्हाराजांची तारीख?"

"भिवराबाई," कोल्हेसाहेब प्रेमाने म्हणाले, "एवढ्याशा कामाला महाराजांना कशाला त्रास?"

माकडांनी वाकून, ओली जमीन बघून, एकेक पातं धरून मुळासकट काढलं. भिवरा आयुष्यभर तण जसं काढत आली होती अगदी तस्सं. दिवस मावळायच्या आत पट्टी साफ झाली. इतकं चोख काम त्या जंगलात त्याआधी कधी झालं नव्हतं. भिवरा चार पोरं घेऊन खडकाच्या दिशेने निघाली, तेव्हा साहेब तिला निरोप द्यायला वाटेपर्यंत आले होते, ही गोष्ट सांगायलाच हवी. माणूस, म्हणजे कोल्हा, मनाने वाईट नव्हता.

तात्पर्य: मुलांनो, तण लहान असताना कधीही उपटू नये. ते उपटायला मोठी माणसं येतील, एवढं त्याला मोठं होऊ द्यावं. मुळासकट ताबडतोब उपटायला गरिबाचं गवत आहेच.