पिवळा बाण आणि विगोचे व्याही

सातुर्निनोला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. रविवारी दुपारी, चर्चसमोरच्या चौकात, इस्त्रीचा शर्ट घालून. बस्स, एवढंच! पण आमच्या तोरेसार्सा गावात ज्याला नुसतं उभं राहायला सांगावं तो हमखास डोकं चालवतो. आणि सातुरचं डोकं चालायला लागलं की त्याची बायको बिसी आधी छातीवर क्रूस काढते.

प्रकरण नाजूक होतं. त्यांच्या मुलीचं, मिलाचं, लग्न आजवर दोनदा ठरून मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा बापाच्या कृपेने. (पहिल्या वेळी त्याने मुलाच्या आईला मुलाची आजी समजून हाताला धरून खुर्चीत बसवलं. दुसऱ्या वेळी काय झालं ते गावात अजून बायकांसमोर बोलत नाहीत.) आता तिसरा मुलगा, ब्रायस, तिकडे स्पेनच्या पश्चिम टोकाला, गालिसियातल्या विगोचा. त्याचे आईवडील एलादिओ आणि ओब्दुलिया आज पहिल्यांदाच जेवायला येणार होते. तोवर दोन्हीकडच्या आईबापांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"हे जुळलं नाही ना, तर मी मठात जाईन," मिला म्हणाली होती.

"तू कशाला? याला पाठवू," बिसी म्हणाली होती.

सातुरचं घर मागच्या गल्लीत, आणि फोनमधला नकाशा पाहुण्यांना हटकून गव्हाच्या कोठारावर नेऊन सोडतो. म्हणून हे चौकात उभं राहणं. पण नेमकी त्याच दुपारी टीव्हीवर सायकलींची शर्यत होती, घाटाचा टप्पा. आणि गोठ्यात पिवळ्या रंगाचा अर्धा डबा पडलेला होता. गालिसियातल्याच सान्तियागोच्या मोठ्या चर्चला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी गावाने वाटेवरचे बाण नव्याने रंगवले, त्यातला उरलेला.

आता तुम्ही म्हणाल, ज्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर, भिंतीवर, दगडावर पिवळे बाण आहेत, तिथे आणखी एक पिवळा बाण काढायचा म्हणजे काय डोकं आहे की खोकं? पण आम्ही ते बाण जन्मापासून पाहतोय हो. रोज पाहतो ते कुठे दिसतं? सातुरच्या लेखी गावात बाण एकच, त्याने काढलेला. बेकरीच्या कोपऱ्यावर, चांगला जाडजूड, टोक थेट त्याच्या गल्लीकडे. काढला आणि व्याह्यांना फोन लावला.

"गाडी चर्चपाशीच ठेवा, गल्ल्या अरुंद आहेत. मग पिवळा बाण दिसेल. बाण धरून चालत या. जिथे बाण संपेल तिथे आमचं घर!"

"बाण सापडेल ना?" एलादिओंनी विचारलं.

"न सापडायला काय झालं?" सातुर म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला.

घाट अर्धा चढून होतो न होतो तोच अंगणात पावलं वाजली. उन्हाने लालभडक झालेला एक उंच गृहस्थ आणि पायभर पट्ट्या चिकटवलेली त्याची बायको.

"बिसी, आले गं व्याही!"

बिसीने खिडकीतून पाहिलं. "हे चालत आले? ब्रायस तर गाडी म्हणाला होता."

"गाडी चर्चपाशी. मीच सांगितलं."

"आणि पाठीवर ही बोचकी कसली?"

"आहेर असेल!"

उंच गृहस्थ हात जोडून, मोडकंतोडकं बोलला, "खाट? इथे... खाट?"

"अगं बाई," बिसी कुजबुजली, "जेवायच्या आधीच झोपायचं म्हणतायत."

"गालिसियात तशी रीत असेल. तू विचारू नकोस काही. ते लोक प्रश्नाला प्रश्नच परत करतात." (असा आमच्याकडे समज आहे, आणि सातुरचा तर ठाम.) "बोली पण बघ कशी जड आहे. एक अक्षर कळत नाही."

तेवढ्यात व्याह्यांनी मेंढ्यांच्या हौदावर बसून बूट काढले आणि पाण्यात पाय सोडले. बिसीने डोळे मिटून घेतले. मुलीच्या सुखासाठी तिने तेही गिळलं आणि पानं मांडली. भट्टीतलं कोवळं कोकरू बाहेर आलं. विहीणबाईंना तर भरून आलं. त्यांनी बिसीला मिठीच मारली.

"माणसं साधी आहेत," बिसी हळूच म्हणाली. "मिलाचं बरं होईल."

मग आणखी दोघं आले. ते व्याह्यांचे भाऊ-भावजय असणार. मग एक दाढीवाला आला. तो मामा. मग पाच कोरियन आले आणि दारातच कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला.

"सातुर," बिसीचा आवाज चिरकला, "हेही विगोचेच?"

"विगो बंदर आहे, बाई. तिथे जगभरातून माणसं येतात."

कोकराचं आता नुसतं हाडूक उरलं होतं. तोच उंच गृहस्थाने घड्या घातलेला एक कागद सातुरपुढे धरला आणि हवेत मूठ आपटून दाखवली. शिक्का!

"बघ, सोयरीक लेखी करतात. याला म्हणतात चोख माणसं," म्हणत सातुरने घरात होता तो एकुलता एक शिक्का आणला. मेंढ्यांच्या कागदांवर मारायचा तो, 'लस टोचली आहे' वाला. त्याने व्याह्यांना मारला, भावाला मारला, मामाला मारला. कोरियन मंडळी रांगेत उभी राहिली.

अशात मिला आणि ब्रायस बसमधून उतरून घरी आले.

"आई, हे सगळे कोण?"

"कोण म्हणजे? तुझे सासू-सासरे! वाक की जरा."

ब्रायसने सगळ्यांवरून नजर फिरवली. "यातले कुठले?" त्याने विचारलं.

आणि फोन वाजला.

"सातुर्निनो," पलीकडून दमलेला आवाज आला, "तुमचं घर याच प्रांतात आहे ना?"

एलादिओ! बिचाऱ्यांनी चर्चच्या भिंतीवरचा पहिला पिवळा बाण धरला, मग दुसरा, आणि बेकरीपाशी सातुरचा सोडून नेमका समोरचा जुना. गाव संपलं, शेतं लागली, तरी बाण संपेनात. आणि बाण संपेल तिथे घर, असं सांगितलेलं! ओब्दुलियाबाई उंच टाचांचे बूट घालून, हातात बदामाचा केक धरून पुढच्या गावापर्यंत चालल्या होत्या.

मिला मटकन खाली बसली. "तिसऱ्यांदा, बाबा," एवढंच म्हणाली. सातुरने टीव्ही बंद केला. तो तसाच ट्रॅक्टरवर चढला, मागच्या ट्रॉलीत बिसी, मिला आणि ब्रायस.

पुढच्या गावच्या धर्मशाळेत यात्रेकरू खाट मिळवायला आणि यात्रेच्या कागदावर शिक्का घ्यायला रांगेत उभे होते, आणि ओब्दुलियाबाई मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसल्या होत्या. केक यात्रेकरूंनी संपवला होता.

"रागावलात का हो?" सातुरने चाचरत विचारलं.

"रागवायला हवं होतं का?" एलादिओ म्हणाले.

"मग लग्न... नक्की समजू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

सातुरला घाम फुटला. त्याला खरंच काही वाटत नव्हतं, नुसतं गरगरत होतं. शेवटी ओब्दुलियाबाईंनीच पाण्यातून एक पाय बाहेर काढला, त्यावरचे फोड त्याला नीट दाखवले आणि सरळ बोलल्या.

"लग्न होईल. सान्तियागोला. पण नवरीच्या बापाने तिथवर चालत यायचं. पत्ता सांगत नाही. बाण आहेतच."

मिलाने सासूला घट्ट मिठी मारली. बापाकडे कोणी पाहिलंच नाही.

परतताना बिसी म्हणाली, "उद्या सकाळी तो बाण पुसून टाक." सातुर म्हणाला, "पुसतो." (आमच्याकडे 'उद्या' फार ऐसपैस असतो.) हिवाळा सरला, बाण तिथेच. तो धरून यात्रेकरू येत राहिले, आणि बिसी त्यांच्यासाठी रोज सूप चढवू लागली.

वसंतात सातुर निघाला. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला, बारमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली, म्हातारे तर रडले. बिसी निरोप देऊन आधीच घरी गेली होती, चुलीवर सूप होतं. सातुरने शपथच घेतली की या वेळी स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. मान खाली, काठी हातात, नजर फक्त बाणांवर. चर्चचा बाण झाला, फरशीवरचा झाला. मग बेकरीच्या कोपऱ्यावर एक चांगला जाडजूड बाण दिसला. किती स्पष्ट काढलाय, देव भलं करो त्याचं, असं मनात म्हणत तो भक्तिभावाने वळला.

अंगणात काठी वाजली. बिसीने चुलीवरून मानसुद्धा वळवली नाही.

"पाय हौदावर धुवा," ती म्हणाली. "आणि शिक्का टेबलावर आहे, आपला आपणच मारून घ्या."