तान्हूआत्याच्या सायकलीची वेगचाचणी

एका जंगलात रस्ता अजून पोचला नव्हता, पण रस्त्याचे नियम पोचले होते. त्या जंगलात, मुलांनो, तान्हूआत्या नावाची एक साळिंदरीण राहायची. ती सुईण होती. अंगावर हे एवढाले काटे, पण हात असा हलका की जंगलातल्या निम्म्या पिल्लांनी जगात आल्यावर पहिल्यांदा तिचंच तोंड पाहिलेलं.

आत्या सायकलवरून फिरायची. पण आता वय झालं होतं. टेकडी चढताना धाप लागायची. परवा ती सशिणीकडे पोचली, तर पिल्लं जन्मून अंगणात खेळत होती. आत्याच्या ते फार जिव्हारी लागलं.

तिनं घरी येऊन बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर काढली आणि सायकलच्या मागच्या चाकाला बसवली. बॅटरी जेवणाच्या डब्यात घातली. डबा जुन्या ट्यूबनं कॅरियरला करकचून बांधला. मग देवाचं नाव घेऊन हँडलची मूठ पिळली. सायकल आत्याला घेऊन थेट करवंदीच्या जाळीत शिरली.

"चालतेय गं बाई!" आत्या जाळीतूनच ओरडली.

जंगलभर बातम्या पोचवणारी टिटवी वरून हे बघत होती. ती म्हणाली, "आत्या, आधी चाचणी करून घ्या. जास्त वेगाच्या सायकली जप्त करतात म्हणे."

आत्या कायद्याला घाबरणारी. दुसऱ्याच दिवशी ती वेगमापन कचेरीत हजर झाली.

तिथले मुख्य अधिकारी होते गोगलगायसाहेब. त्यांना हे पद कसं मिळालं? सोपं आहे. मुलाखतीला बाकीचे सगळे सकाळीच आले, वाट बघून कंटाळले आणि निघून गेले. मुलाखत संध्याकाळी सुरू झाली. तेव्हा हे नुकते पोचत होते.

साहेब अर्जुनाच्या झाडाखाली बसले होते. म्हणाले, "शंभर पावलांवरून निघायचं. निघताना घंटी वाजवायची. घंटी ऐकली की मी मोजायला लागणार. माझे दहा अंक व्हायच्या आत हे झाड ओलांडलंत, तर सायकल जप्त."

आत्यानं घंटी वाजवली. मूठ जेमतेम पिळली. इतकी हळू आली की वाटेत एक मुंगळा तिच्या पुढे गेला.

"ए...क," साहेब म्हणाले. "दो...न."

आत्या झाडापलीकडे उतरून उभी होती.

"दोन!" साहेबांचे डोळे शिंगांसकट आत गेले. "अहो बाई, हा वेग आहे की आत्महत्या?"

"साहेब, एवढ्यात तर हरीणसुद्धा रमतगमत येतं!"

"हरणांनाही नोटिसा गेल्यात. उद्या फेरचाचणी. त्यात नापास झालात, तर सायकल इथंच ठेवून जायची."

त्या रात्री आत्याला अन्न गोड लागलं नाही. सायकल गेली, तर पुढच्या बाळंतिणीकडे पोचायचं कसं?

दुसऱ्या दिवशी ती शंभर पावलांवर उभी राहिली. पाय सायकलवरून उतरवून, जमिनीला घासत जायचं असं तिनं ठरवलं होतं. तिनं घंटी वाजवली, तोच टिटवी किंचाळत आली.

"आत्या! टेकडीपलीकडे हौसा भेकरीण अडलीय! पिल्लू आडवं आलंय! नवरा रडतोय, तिला धीर द्यायलाही कुणी नाही!"

आत्यानं एकदा झाडाकडे बघितलं, एकदा टेकडीकडे. वाट एकच होती, साहेबांच्या समोरून जाणारी.

"जप्त करा मेल्यांनो!" असं म्हणून तिनं मूठ पूर्ण पिळली.

काटे मागे झोपले. डबा खडखडला. झाड कधी गेलं, टेकडी कधी आली, आत्याला कळलंच नाही. हौसाच्या दारात तिनं सायकल आडवी टाकली आणि आत धावली. घटकाभर आतून नुसते कण्हण्याचे आवाज येत होते. मग एक बारीकसा आवाज आला. भेकरिणीला मुलगी झाली होती, आणि लगेच उभी राहायच्या खटपटीला लागली होती.

दिवस कलता आत्या परतली. सायकल हातात धरून, मान खाली घालून साहेबांसमोर उभी राहिली.

साहेब चिडले होते. "होतात कुठे? घंटी ऐकून मी 'एक' म्हटलं. ते म्हणून होतंय तोवर वाट मोकळी! तुम्ही नाही, सायकल नाही. नुसती धूळ!"

"साहेब, खरं सांगू का..."

"मध्ये बोलू नका. मी लिहितोय."

साहेबांनी लिहिलेला दाखला असा: 'घंटी वाजली, परंतु सायकल आली नाही. सबब वेग शून्य. सदर वस्तू वाहन नसून फर्निचर समजावी. परवान्याची गरज नाही.'

आत्यानं दाखला दोनदा वाचला, घडी करून कमरेला खोचला आणि फर्निचरवर बसून घरी गेली.

तात्पर्य: बाळांनो, वाहन नेहमी जपून चालवावं. साहेबाला दिसेल इतकं हळू मात्र कधीही चालवू नये.