सदाफुलीवाले व्यंकूअण्णा

धारवाडचा पाऊस एकदा जिटीजिटी, म्हणजे रिपरिप, लागला की आठवडाभर हलत नाही. अशा पावसात आमचे शेजारी व्यंकूअण्णा अंगणात स्वतः भिजत उभे राहतात आणि छत्री सदाफुलीच्या कुंड्यांवर धरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शंका आली होती की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. इतकी वर्षं शेजारी काढल्यावर आता खात्री आहे.

सदाफुली म्हणजे काही राजघराण्यातलं झाड नव्हे. भिंतीच्या फटीत उगवतं, उन्हाळाभर फुलतं, शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. पण अण्णांपुढे हे बोलायची सोय नाही. "पाणी घालून घालून माणसं झाडं मारतात री," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मातीत निम्मी वाळू हवी, कुंडीला तळाशी चांगलं भोक हवं, शेंडे वेळेवर खुडायला हवेत. पाणी? आधी मातीत बोट खुपसायचं. ते कोरडं निघालं तरच तांब्या उचलायचा. धार सुरू होते न होते तोच अण्णा स्वतःवरच ओरडतात, "साक्री!" कन्नडमधलं 'साकु' म्हणजे पुरे. त्याला आमचं धारवाडी आदराचं 'री' लावलं की झालं साक्री.

हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. चहा अर्ध्या कपाशी आला की "साक्री" ऐकू येतं, आणि ते म्हणणारा पाहुणा नसतो.

सकाळी फिरायला निघालेली मधुमेही मंडळी कुंपणातून हात घालून फुलं तोडतात. सदाफुलीनं साखर उतरते, अशी त्यांची श्रद्धा. अण्णा दबा धरून बसलेलेच असतात. "पेढे तुम्ही खायचे री, आणि फेडायचं हिनं?"

गेल्या रविवारी माझी बायको सुभाष रोडवरून बाजार घेऊन येताना त्यांच्या फाटकाशी थांबली. तिचं माहेर कन्नड. फुलांनी लगडलेल्या कुंड्या बघून ती सहज कन्नडमध्ये म्हणाली, "चलो साकीरी, अण्णा!"

"काय म्हणालात?"

"छान वाढवलीत म्हटलं. साकु म्हणजे पोसणं, वाढवणं पण नाही का?"

जन्मभर कन्नड बोलणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण अण्णा मटकन पायरीवर बसले.

"आमच्या सुशीचं माहेरही कन्नडच," ते म्हणाले. सुशीलाक्का, त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. "शेवटच्या दिवशी खाटेवरून ती ह्या सदाफुलीच्या कुंडीकडंच बघत होती. मी पाणी घालत होतो. 'साक्री' म्हणाली. मी तांब्या खाली ठेवला. त्यानंतर ती बोललीच नाही."

मग मान खाली घालून म्हणाले, "आधी वाटलं, पाण्याला म्हणाली. मग वाटायला लागलं, मला म्हणाली. जन्मभर मागं लागलो होतो तिच्या, हे कर, ते करू नको. विटली असेल री मला."

बायकोनं पिशव्या खाली ठेवल्या.

"विटलेलं माणूस जाताना फुलांकडं बघत नाही, अण्णा. 'इवन्न साक्री' म्हणाल्या असतील त्या. म्हणजे, ह्या झाडांना सांभाळा."

अण्णांनी डोळे मिटले.

"पुन्हा म्हणा री," ते म्हणाले. "कन्नडमध्येच. पण जरा हळू म्हणा. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता."