कान्सेंगोची हिरवळ

लुसाकातल्या कुठल्याही गोल्फच्या मैदानावर गेल्या, की नाम्बेयेबाई सिमुकोंडा आधी बुटाच्या टोकाने गवत दाबून बघायच्या आणि मग मान हलवायच्या.

"ठीक आहे," म्हणायच्या. "पण आमच्या कान्सेंगोला असतात तर कळलं असतं. गादी, गादी. झोपलात तर सकाळपर्यंत जाग नाही."

मुतिंता आणि नामाकाऊ या त्यांच्या दोन मैत्रिणींना पुढचं सगळं तोंडपाठ होतं. कान्सेंगो म्हणजे खाणीचं गाव; तिथल्या मैदानावर खाणीच्या पंपाचं पाणी दिवसातून दोनदा फवारलं जायचं. क्लबातला चहा असा, की इंग्रज लोक किटलीच्या तळाशी काय उरलंय ते वाकून बघायचे. मुतिंता शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, तिला ऐकून घ्यायची सवय होती. नामाकाऊचं पडदे शिवायचं दुकान होतं आणि जीभ कात्रीसारखी. पाच वर्षं ऐकल्यावर एका शनिवारी ती म्हणाली, "चला ना मग, एकदा त्या गादीवर झोपूनच येऊ."

नाम्बेयेबाईंनी पाठदुखी काढली, उन्हाचं कारण सांगितलं, भाचीचं लग्नही मध्ये आणलं. त्यातलं काही चाललं नाही. त्या स्वतः चोवीस वर्षांत तिकडे फिरकल्या नव्हत्या. नवरा गेला, खाण विकली गेली आणि त्या भावाकडे लुसाकाला आल्या, तेव्हापासून कान्सेंगो त्यांच्या डोक्यातच राहत होतं, आणि तिथे पाण्याची काही कमतरता नव्हती.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मुतिंताची गाडी पहाटे निघाली. वाटेत कापिरीला त्यांनी रताळी घेतली, मक्याचा आंबूस मुन्कोयो प्यायला, आणि अकराच्या सुमाराला जॅकरंडाच्या निळ्या रांगेतून कान्सेंगोत शिरल्या. झाडं तीच होती. नाम्बेयेबाईंनी लहान मुलीसारखं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. या रस्त्यावरून त्या पांढऱ्या गणवेशात सायकलने खाणीच्या दवाखान्यात जायच्या, आणि संध्याकाळी याच रस्त्याने, खांद्याला काठ्यांची पिशवी लावून, क्लबात.

मग वळण आलं आणि मैदान दिसलं.

पहिल्या होलवर मॅनिओक, म्हणजे साबुदाण्याचा कंद, लावला होता. दुसऱ्या होलच्या मध्यभागी फुटबॉलचे दोन खांब होते आणि त्यांच्यावर कुणाची तरी चादर वाळत होती. उरलेली जमीन भाजलेल्या भाकरीसारखी, मधूनमधून पुरुषभर उंचीची वाळवीची वारुळं. गवत म्हणावं असं एकच होतं, तेही एका बकरीच्या तोंडात.

मुतिंताने गाडी थांबवली.

"हे ते नव्हे," नाम्बेयेबाई म्हणाल्या.

"फाटकावर नाव आहे ना, कान्सेंगो गोल्फ क्लब," नामाकाऊ म्हणाली. "अर्धं पडलंय, पण आहे."

"हे रेल्वेवाल्यांचं. जुनं. आमचं पुढे आहे."

तोंडातून निघून गेलं खरं. आता पुढे जाणं भाग होतं. त्या डावीकडे म्हणाल्या की मुतिंता डावीकडे वळे, उजवीकडे म्हणाल्या की उजवीकडे. बाजार झाला, दवाखाना झाला. दवाखान्यावरून जाताना त्यांनी मान दुसरीकडे फिरवली, जणू कुणी खिडकीतून हाक मारील. शेवटी खाणीच्या काळ्या ढिगाऱ्याशी रस्ताच संपला. तिथल्या पहारेकऱ्याला मुतिंताने खिडकी खाली करून विचारलं, "गोल्फचं मैदान कुठे आलं, भाऊ?"

"गोल्फचं?" त्याने तिघींकडे नीट पाहून घेतलं. "तुम्ही तिथूनच आलात की. मघाशी ढिगाऱ्यावरून गाडी बघितली मी."

"दुसरं. चांगलं."

"दुसरं सरहद्दीपलीकडे, काँगोत असेल," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर नामाकाऊ काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे साठवतेय, हे नाम्बेयेबाईंना ठाऊक होतं. पण एवढा वेळ घालवून आलोच आहोत तर रेल्वेवाल्यांच्या मैदानावर खेळू, असं मुतिंतानेच ठरवलं.

क्लबाच्या ओसरीवरून एक म्हातारा उठला. अंगात इस्त्रीचा कोट, खाली फाटकी चप्पल. नाम्बेयेबाईंनी त्याला लांबूनच ओळखलं. बा कासोंदे. त्यांना काठी धरायला ज्याने शिकवलं, नऊ वर्षं त्यांची पिशवी ज्याने खांद्यावर वागवली, तो.

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरला. "सिस्टर? सिस्टर नाम्बेये?"

आता हो म्हटलं तर गादी गेली, पंप गेला, किटलीही गेली. त्यांनी मागे मैत्रिणींकडे पाहिलं, पुढे म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"तुमची काही चूक होतेय, बाबा," त्या म्हणाल्या. "मी मिसेस बांदा. लुसाकाची."

मुतिंताने तोंड उघडलं. नामाकाऊने तिच्या पायावर पाय दिला.

"असेल, असेल," कासोंदे म्हणाला. "चेहरा अगदी तसाच. पण आमच्या सिस्टर सडपातळ होत्या."

त्याने तिघींच्या पिशव्या घेतल्या, त्या नको नको म्हणत असताना, आणि पुढे निघाला. वाटेत आपल्या सिस्टरबद्दल सांगत राहिला. त्याच्या चारही मुली सिस्टरांच्या हातावर झाल्या. एकीचं नाव त्याने नाम्बेयेच ठेवलं. खाणीत दरड कोसळली तेव्हा सिस्टर तीन दिवस घरी गेल्या नाहीत. "अशी माणसं आता नाहीत, मिसेस बांदा."

"नसतील," नाम्बेयेबाई म्हणाल्या. जमीन दुभंगली असती तर त्या आनंदाने आत गेल्या असत्या. पण ती इतकी कडक होती की पहिल्या फटक्याला त्यांची काठीही तिच्यावरून ठण्ण करून उडाली.

चौथा होल मोकळा होता. तिथे भोकाभोवतीची गवताची ग्रीन नव्हती, जुनं तेल ओतून दाबलेली काळी वाळू होती, आणि मधल्या भोकात दुधाच्या पावडरीचा डबा बसवला होता. पण ती वाळू एकसारखी होती, सारवल्यासारखी. कासोंदेने कोट काढून त्याची घडी केली, पोत्याचं फडकं बांधलेली फळी घेतली, आणि गुडघ्यांवर बसून नाम्बेयेबाईंच्या चेंडूपासून डब्यापर्यंत वाट गुळगुळीत करू लागला. हात म्हातारे होते. पण रेघ सरळ येत होती.

"रोज तुम्हीच करता हे?" मुतिंताने विचारलं.

"ही एवढीच जमते आता. कुणी आलं तर असावी म्हणून."

"येतं कुणी?"

"आज तुम्ही आलात की."

नाम्बेयेबाई त्याच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत उभ्या होत्या. एका परक्या मिसेस बांदासाठी तो गुडघे टेकून बसला होता. त्यांनी काठी जमिनीवर ठेवली.

"बा कासोंदे," त्या म्हणाल्या, "थोरली कशी आहे हो? ती पायाळू आली होती."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. फळी डब्यापर्यंत नेली, फडकं झटकलं. "बरी आहे, सिस्टर. तिलाच आता नातवंडं झालीत."

"तुम्ही ओळखलं होतंत."

"पहिल्या फटक्यालाच. टाच दोनदा आपटलीत ना. मी किती ओरडायचो त्यावरून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच ओळख देत नव्हतात. म्हटलं असेल काही कारण. शहरातल्या माणसांना असतं."

नाम्बेयेबाईंनी त्याला हाताला धरून उठवलं आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून, गुडघे वाकवून, वडीलधाऱ्याला करतात तसा नमस्कार केला. डोळे पुसले. मग मैत्रिणींकडे वळल्या.

"हेच ते," त्या म्हणाल्या.

"रेल्वेवाल्यांचं?" नामाकाऊने विचारलं, आणि खाली बसली. हसून हसून तिला उभं राहवेना. मुतिंता अर्धा मिनिट मुख्याध्यापिका राहिली आणि मग तीही वारुळाला टेकली.

"पण गवत होतं," नाम्बेयेबाई म्हणाल्या. "बा कासोंदे, सांगा यांना. होतं ना गवत?"

"होतं तर. पंप चालू होता तोवर गादी होती."

तेवढ्या साक्षीवर त्यांची मान पुन्हा ताठ झाली. सातव्या होलला त्यांनी टाच दोनदा आपटली, आणि चेंडू उंच जाऊन दुसऱ्या एका मॅनिओकच्या शेतात पडला.

"बघा, आता हरवतोय," त्या म्हणाल्या. "गवत होतं तेव्हा नऊ वर्षांत माझा एक चेंडू कधी हरवला नाही. एक."

कासोंदे खोकला.

"काय झालं?" मुतिंताने विचारलं.

"काही नाही. आता सिस्टरांचे साहेब नाहीत. सांगायला हरकत नाही." तो नाम्बेयेबाईंकडे वळला. "पहिल्या महिन्यात तुमचे तीन हरवले होते, सिस्टर. गोऱ्या बायका हसल्या. तुम्ही घरी जाऊन रडलात, परत जाणार नाही म्हणालात. सिमुकोंडा साहेब पाळी सुटल्यावर हेल्मेट घालूनच माझ्याकडे आले. डझनभर चेंडू आणले होते. म्हणाले, हिचा चेंडू या मैदानावर हरवता कामा नये."

"पण माझ्या चेंडूवर खूण असायची," नाम्बेयेबाई म्हणाल्या. "दवाखान्यातल्या लाल औषधाचा ठिपका. मी स्वतः लावायची."

"बाटली दिली होती साहेबांनी. खिशात असायची माझ्या. काडीने ठिपका लावायचा, फुंकर मारायची, आणि सापडला म्हणून ओरडायचं. कधी कधी ओला राहायचा. तुमच्या बोटांना लागायचा. तुम्ही म्हणायचात, बघा, धुतले तरी दवाखाना जात नाही."

नाम्बेयेबाईंनी आपली बोटं पाहिली. नवरा गेल्यावर चोवीस वर्षांत त्यांना त्याची नवी गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. फक्त क्लबाला." कासोंदेने थोडा विचार केला. "आणि खाणीला. मागचे खेळाडू थांबायचे ना ठिपका वाळेपर्यंत."

त्याचा हात सवयीने पुन्हा अंगात चढवलेल्या कोटाच्या खिशाकडे गेला. "आणू का शोधून, सिस्टर?"

"नको," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही. मी बघते."

आणि त्या डोक्याइतक्या उंच मॅनिओकमध्ये शिरल्या. तिथे सावली होती, आणि रडायला बरी जागा होती. रडताना त्यांना हसू येत होतं, त्यामुळे वेळ लागत होता. त्यांनी वाकून वाकून शोधलं. दोन चेंडू मिळाले. दोन्ही दुसऱ्या कुणाचे.

"कोण आहे ते?" पलीकडून एका बाईचा आवाज आला. पाठीवर मूल, हातात कुदळ, तरुण पोरगी होती. "कोण तुडवतंय माझं शेत?"

नाम्बेयेबाई ताठ उभ्या राहिल्या, पदराला बोटं पुसावीत तशी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेला बोटं पुसली आणि आयुष्यात सांगितलं नसेल इतक्या अभिमानाने नाव सांगितलं.

"मी सिस्टर नाम्बेये. कान्सेंगोची."

पोरीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"असाल," ती म्हणाली. "आधी बाहेर या."