आम्रकुंज कॉलनीतील गैरहजर कोकिळा

उज्जैनला यंदा वसंत ऋतू आला की नाही, हे अधिकृतपणे सांगता येत नव्हतं. होळी झाली, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघाली, टावर चौकातला गुलाबी-हिरवा चिखल वाळून त्याची धूळ झाली, देवास रोडला पळस फुलले, बाजारात कैऱ्या आल्या. वसंत आला असं समजून लोक आपापल्या जबाबदारीवर वागत होते. पण भय्यासाहेब टिल्लूंच्या वहीतला रकाना क्रमांक चार कोरा होता, आणि तो कोरा असेपर्यंत वसंताची कागदोपत्री नोंद होणं शक्य नव्हतं.

भय्यासाहेब लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका हिरव्या शाईने काढलेला हात घरी बसून स्वस्थ राहत नाही. त्यांचा हा हात तर नोकरीत असतानाच घरीही शिवशिवायचा, म्हणून सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी वसंत ऋतूचंच ऑडिट सुरू केलं. रकाना एक, आंब्याचा पहिला मोहोर. दोन, पहिला पळस. तीन, बाजारात पहिली कैरी. चार, कोकिळेची पहिली हाक, तारीख-वेळेसह. गुढीपाडव्याच्या सकाळी मराठी स्नेह समाजाच्या सभागृहात गुढी उभारून झाली, कडुलिंबाची गोळी खाऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, की भय्यासाहेब मंचावर जाऊन ‘वसंत-प्रतिवृत्त’ वाचत. ते वाचून संपल्याशिवाय श्रीखंडाच्या पातेल्यावरचं झाकण निघत नसे, त्यामुळे उपस्थिती नेहमीच उत्तम असे. यंदा तर सत्तावीस वर्षांच्या अखंड नोंदीबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता. ‘अखंड’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेत ठळक छापला होता. पाडव्याला दहा दिवस उरले होते आणि कोकिळेचा पत्ता नव्हता.

“अहो, कोठी रोडवर ती रोज गळा काढून बोलतेय,” अलकाताई म्हणाल्या. “मी आत्ता फिरायला गेले तेव्हा ऐकून आले न! लिहून टाका.”

“नियम सहा. नोंद स्वतःच्या व्हरांड्यातून ऐकूनच करायची.”

“नियम केला कोणी?”

“मी.”

“मग बदला की!”

व्हाउचर उंदरांनी खाल्लं म्हणणाऱ्या कारकुनाकडे पाहावं तसं भय्यासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि नागरी समाधान हेल्पलाइनला फोन लावला.

“शिकायत किस विभाग की है, सर? पानी, बिजली, सड़क, सफाई, आवारा पशु?” पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली.

“कोयल नहीं बोल रही.”

“बंद है कि खराब है, सर?”

प्रश्न नियमाला धरून होता. “बंद है,” ते म्हणाले.

“कब से?”

“इस सीज़न में चालू ही नहीं हुई.”

अशा तऱ्हेने तक्रार क्रमांक ४४१७ दाखल झाली. वर्ग: आवारा पशु. उपवर्ग: अन्य.

ज्यांना या हेल्पलाइनची सवय नाही त्यांच्यासाठी एक खुलासा करायला हवा. इथे एकदा दाखल झालेली तक्रार मरत नाही. तक्रारदाराच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो त्याने सांगावा लागतो, आणि फोनवर स्वतःच्या तोंडाने ‘मैं संतुष्ट हूँ’ म्हणावं लागतं, तेव्हाच ती बंद होते. नाही झाली तर दर दोन दिवसांनी ती वरच्या साहेबाकडे चढते आणि वरचा साहेब खालच्याला झापतो. त्यामुळे सगळ्या यंत्रणेला एक गोष्ट अनुभवाने कळलेली आहे. नळाला पाणी आणणं कठीण, नागरिकाच्या तोंडून ‘संतुष्ट’ आणणं त्या मानाने सोपं.

दुसऱ्या दिवशी कुत्री पकडायची गाडी आली. जाळी घेतलेल्या दोघांनी कॉलनीला चक्कर मारली आणि ‘हमारी शाखा केवल पकड़ती है, छोड़ती नहीं’ असा शेरा मारून प्रकरण उद्यान शाखेकडे ढकललं. जाता जाता रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कॉलनीतलं एक निरुपद्रवी कुत्रं घेऊन गेले.

मग उद्यान शाखेचे दरोगा, म्हणजे माळ्यांचे मुकादम, दिलीप मालवीय आले. उन्हाने रापलेला, पन्नाशीचा, जिथे जाईल तिथे आधी जमिनीवरचा कचरा उचलणारा माणूस. त्यांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या अहवाल लिहिला: ‘मौके पर जाँच की गई. कोयल उपलब्ध नहीं. कौआ उपलब्ध है.’

“बाबूजी, कटवा दो नी शिकायत,” ते हात जोडून म्हणाले. “बस ओटीपी बता दो. सोमवार को समीक्षा है. जिसकी शिकायत खड़ी रहेगी उसको पिपलोदा वाली नर्सरी भेज रहे हैं. घर में माँ बिस्तर पर है, मैं वहाँ से रोज़ कैसे आऊँगा?”

भय्यासाहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, ते काही दगड नव्हते. पण चौतीस वर्षांत त्यांनी माल न बघता ‘माल मिळाला’वर सही केली नव्हती.

“दिलीपजी, कोकिळा बोलली की मी त्याच मिनिटाला संतुष्ट होतो,” ते म्हणाले. “त्याआधी संतुष्ट झालो तर ते खोटं रेकॉर्ड होईल.”

तक्रार वर चढली. चौथ्या दिवशी नोडल अधिकारी मंदार खांडेकर तीन गाड्या घेऊन आले. साहेब उज्जैनचेच, तरुण, हुशार. त्यांनी अलकाताईंच्या हातचं पन्हं घेतलं आणि तिथल्या तिथे बैठक लावली.

“काका, मुद्दा काय आहे? तुम्हाला कोकिळेचा आवाज पाहिजे. बरोबर? पक्षी पाहिजे असं तर तक्रारीत कुठे लिहिलेलं नाही न?”

भय्यासाहेबांनी तक्रार पुन्हा वाचली. लिहिलेलं नव्हतं. मसुद्यात राहिलेली त्रुटी त्यांना दिवसभर टोचत राहिली.

पाचव्या दिवसापासून कोकिळा सुरू झाली. कॉलनीत रोज फिरणारा भोंगा एकच होता, तो कचरागाडीचा. आदेशानुसार त्याच्यावर सकाळी आधी अर्धं मिनिट कोकिळा आणि मग ‘गीला कचरा हरी बाल्टी में’ वाजू लागलं. पहिल्या दिवशी लोक चकित होऊन गच्चीवर आले. तिसऱ्या दिवशी आम्रकुंज कॉलनी इतकी तरबेज झाली, की ‘कुहू’ म्हणताच घराघरांतून लोक दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन धावत सुटायचे. समोरच्या कल्पना पागनीस म्हणाल्या, “गेल्या कितीक वर्षांत एवढी उपयोगी कोकिळा ऐकली नव्हती हो!”

“ध्वनिमुद्रित,” भय्यासाहेबांनी फोनवर कळवलं. “असंतुष्ट.”

तक्रार आणखी चढली. खाली मात्र उतरलं ते दिलीप दरोगांचं वजन. नवव्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, कचरागाडी यायला अजून तासभर अवकाश असताना, व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या भय्यासाहेबांच्या कानावर ‘कुहू’ आली. मागच्या पाण्याच्या टाकीकडून. मग दुसरी, जरा वरच्या पट्टीत. मग तिसरी, त्याहून वर, जशी खरी कोकिळा चिडत चिडत चढते तशी. त्यांनी खिशातलं हिरवं पेन काढलं, वही उघडली, रकाना चारमध्ये तारीख घातली, ‘६ वा. १० मि.’ लिहिलं, आणि सहीला पेन टेकणार एवढ्यात कोकिळा शिंकली.

टाकीच्या शिडीवरून दिलीप दरोगा उतरले तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरलेले होते, थोडे सर्दीने आणि थोडे दुसऱ्या कशाने.

“गाँव में बचपन से निकालता हूँ, बाबूजी. असली वाली भी जवाब देती है,” ते म्हणाले. “आज नाक ने धोखा दे दिया.”

अलकाताईंनी आल्याचा चहा आणला. भय्यासाहेबांना रागवायचं होतं, पण ते जमेना. हा माणूस सकाळी साडेपाचला येऊन टाकीवर चढला होता. चहा पिताना दिलीपजी गल्लीकडे एकटक बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “एक बात बताओ. पिछले साल वो बैठती कहाँ थी?”

“तिथे,” भय्यासाहेबांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “आंब्यावर. केवढा जुना आंबा होता!”

तिथे पत्र्याची शेड होती आणि शेडखाली अकरा गाड्या उभ्या होत्या.

“आम कहाँ गया?”

हा प्रश्न इतके दिवस कोणी विचारलाच नव्हता. कोकिळा उपस्थित आहे की नाही एवढीच चौकशी चालू होती, ती बसणार कशावर हा तक्रारीचा विषय नव्हता. भय्यासाहेब ताडकन उठून उभे राहिले. त्यांच्या अंगात जुना ऑडिटर संचारला.

“कोणी पाडला? कोणाच्या परवानगीने? जबाबदारी निश्चित झाली पाहिजे! दिलीपजी, ज्याने तो आंबा पाडायला लावला त्याचं नाव मला फाइलमधून काढून द्या. तक्रार त्याच्यावर वळवतो. तुमची आजच बंद करतो, शब्द देतो.”

“अहो…” अलकाताई म्हणाल्या.

“थांब ग. आता सुटणार नाही तो.”

अलकाताई थांबल्या. कप उचलून आत गेल्या.

खांडेकर साहेबांनी संध्याकाळी फाइल स्वतः आणून दिली आणि आपल्याला घाईचं काम आहे म्हणून बसलेही नाहीत. पातळ फाइल, गेल्या वर्षीची. तक्रार क्रमांक २०३८. अर्जावर अकरा रहिवाशांच्या सह्या, अकरा गाड्यांचे क्रमांक. विषय, धोकादायक वृक्ष हटवण्याबाबत. कारणं तीन: एक, मोहोराचा चिकटा वाहनांवर पडतो. दोन, पाचोळा. तीन, पहाटेपासून पक्ष्यांचा सततचा व असह्य गोंगाट. कॉलनीचे सचिव म्हणून पहिली सही ठसठशीत, हिरव्या शाईत, भय्यासाहेब टिल्लूंची होती. अर्जाचा मसुदाही त्यांचाच. इतका बिनचूक मसुदा कॉलनीत दुसरं कोण करणार?

त्यांनी वही उघडून तारीख ताडून पाहिली. त्याच सकाळी, त्याच पेनाने, रकाना चारमध्ये लिहिलेलं होतं: ‘कोकिळा, ५ वा. ५० मि., अत्यंत मधुर.’ वही डाव्या कपाटात राहायची, कॉलनीचे कागद उजव्या. दोन्ही कपाटांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नव्हता.

“मी तेव्हाच म्हटलं होतं, सही करू नका,” अलकाताई दारातून म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, वैयक्तिक आवड आणि संस्थेचं काम वेगळं.”

फाइलच्या शेवटच्या पानावर शाखेचा शेरा होता: ‘वृक्ष हटाया गया. पक्षियों का शोर स्थायी रूप से बंद. आवेदक ने ओटीपी देकर कहा: मैं पूर्णतः संतुष्ट हूँ.’ आणि त्याखाली आजच्या तारखेने खांडेकर साहेबांनी पेन्सिलने नम्रपणे टिपलं होतं: ‘४४१७ म्हणजे २०३८ च्या यशस्वी निराकरणाविरुद्ध त्याच आवेदकाची तक्रार दिसते. यंत्रणेकडून आणखी काय अपेक्षित आहे, कृपया कळवावे.’

भय्यासाहेबांनी तो पेन्सिलचा शेरा पुन्हा एकदा वाचला. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळत होतं. कान गरम होतात आणि पेन खिशात जड लागतं. मग त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, ओटीपी सांगितला आणि ‘मैं संतुष्ट हूँ’ म्हटलं. दिलीप दरोगा पिपलोद्याला गेले नाहीत.

पाडव्याला सभागृह भरलं होतं. गुढी उभी राहिली, तोंडं वाकडी झाली, शाल पांघरली गेली. भय्यासाहेब वही आणि ती पातळ फाइल, दोन्ही घेऊन मंचावर चढले. अर्ज सह्यांसकट वाचून दाखवायचा असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. समोर पहिल्या रांगेत उरलेले दहा सहीकर्ते बायकापोरांसह बसले होते. मागे श्रीखंडाचं पातेलं होतं. आणि दाराशी, त्यांनीच आग्रहाने बोलावलेले दिलीप दरोगा नवा शर्ट घालून उभे होते.

भय्यासाहेबांनी घसा साफ केला. फाइल उघडली. पहिल्या रांगेने कौतुकाने मान डोलावली. त्यांनी फाइल मिटली आणि वही उघडली.

“रकाना चार,” ते म्हणाले. “कोकिळा. सहा वाजून दहा मिनिटं. स्वतःच्या व्हरांड्यातून. आवाज अस्सल, किंचित पडसे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराशी दिलीपजींनी मान खाली घातली. अध्यक्षांचा ऊर भरून आला. “मंडळी, आपली परंपरा अखंड राहिली! तुमच्यापैकी आणखी कोणी यंदा कोकिळा ऐकली? हात वर करा बरं!”

सभागृहात एकूण एक हात वर गेला. पहिल्या रांगेचे दोन-दोन गेले.

आणि तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून, सणाची सुट्टी नसलेली कचरागाडी जाऊ लागली. ‘कुहू’ अशी मधुर हाक उठली. आम्रकुंजचे सगळे रहिवासी भर सभेत दचकून उभे राहिले आणि खुर्च्यांखाली आपापल्या बादल्या चाचपू लागले.

हसायला हरकत नाही. पण आपल्या गल्लीत यंदा कोकिळा बोलली नसेल, तर हेल्पलाइनला फोन करण्याआधी उजव्या कपाटात एकदा बघून घ्यावं. गेल्या वर्षीची तक्रार बहुधा निकाली निघालेली असेल, आणि आपण पूर्णतः संतुष्ट असाल.