शरयूकाकू आणि शनिवारचं गेट

शरयूकाकू कुणाच्याही घरी गेल्या की देवापुढे हात जोडायच्या आधी दारातल्या चपला मोजतात. चोरून नाही, चांगलं बोट दाखवून. आमच्या पार्सिपनीच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा त्या अशाच दारात उभ्या राहून मोजत होत्या आणि मागे चार माणसं आत यायला खोळंबली होती.

"गेट बरं आहे रे मंदार," त्या मला म्हणाल्या. "पण यातले फुकटे किती?"

"काकू, पूजा आहे. सगळेच फुकटे."

"तेच म्हणते मी. फुकट गेट फसवं असतं. प्रसाद मिळाला की उठतात. तिकीट काढून आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो, आपली टीम हरत असली तरी."

'गेट' म्हणजे मॅचला किती माणसं आली तो आकडा. काकू तो शब्द लग्नालाही वापरतात, डोहाळजेवणालाही आणि एकदा तर, देवा, अंत्यदर्शनालासुद्धा. तिथे मात्र हळू आवाजात वापरला.

काकू आमच्या शेजारच्या निखिलची आई. जन्म साताऱ्याचा, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावात गेलं. यजमान तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्यांना त्या 'डॉक्टर' म्हणायच्या, अजूनही म्हणतात. डॉक्टर वारल्यावर निखिलने आईला इकडे न्यू जर्सीत आणलं. इंग्रजी त्या खास तिकडच्या ढंगात बोलतात. ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवरच्या दणकट माणसालाही "टा, लव्ह", म्हणजे 'थँक यू, बाळा', म्हणून निघतात, आणि तो दिवसभर खूश असतो.

त्या गिरणगावात काकूंनी रग्बीच्या एका क्लबात वर्षानुवर्षं अर्धवेळ नोकरी केली. सीझन तिकिटं विकायची, हिशेब ठेवायचा. रग्बी म्हणजे अंड्यासारखा चेंडू बगलेत धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं, एवढंच मला ठाऊक होतं. काकूंनी पहिल्याच भेटीत माझं शिक्षण सुरू केलं.

"रग्बी एक नाही, दोन आहेत. लीग आणि युनियन. सख्खे भाऊ, पण वाटण्या होऊन वेगळे झालेले. गिरणीतला, खाणीतला माणूस मॅच खेळायला गेला की त्याची मजुरी बुडायची. तो म्हणाला, बुडलेली मजुरी द्या. साहेबलोक म्हणाले, खेळायचे पैसे मागतोस? शोभतं का? मग मजूरवाले बाहेर पडले, ती लीग. साहेबांची राहिली ती युनियन. शंभर वर्षं होऊन गेली, अजून एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत."

काकू अर्थात लीगच्या. आणि डॉक्टर कट्टर युनियनचे. गावात दोन्ही क्लब होते. एका घरात नवरा-बायको समोरासमोरच्या मैदानात, आणि भांडण खेळावरून नाहीच. कुणाचं गेट जास्त आणि कुणाचा क्लब तोट्यात, यावरून.

"गेट म्हणजे भाकरी," काकू सांगायच्या. "टीव्हीचे पैसे म्हणजे वरचं तूप. आणि पैसेवाला मालक म्हणजे जावई. आज हौसेने खर्च करील, उद्या रुसून बसेल. युनियनचं सगळं जावयाच्या जिवावर. देशाची मॅच असली की मुंगी शिरायला जागा नाही. क्लबाची असली की मैदानात माणसं कमी, कबुतरं जास्त."

हे सगळं त्या चालत चालत सांगतात. बसणं हा प्रकार काकूंना जमत नाही. आमच्या सोफ्यामागून किचनपर्यंत, किचनपासून पॅटिओच्या दारापर्यंत, पुन्हा मागे. चहा हातात, बशी दुसऱ्या हातात. माझी बायको पल्लवी म्हणते, काकू येऊन गेल्या की कार्पेटवर पायवाट दिसते.

त्यांची यायची वेळ ठरलेली, शनिवारी दुपारी. शुक्रवारी लीगचं गेट कळलेलं असायचं. शनिवारी तिकडे युनियनची मॅच संपली, त्यांचा आकडा फोनवर आला, की काकू स्वेटर चढवून थेट आमच्या दारात. घरी सांगायची सोय नव्हती. नात अनया कानातला इअरबड न काढता म्हणायची, "आजी, नोबडी केअर्स." निखिल लॅपटॉपच्या आडून नुसतं "हूं" करायचा. राहता राहिलो मी.

गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगला काकू गेल्या. अध्यक्ष खर्चाचं सांगत होते. काकू मागच्या भिंतीशी फेऱ्या घालत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आपल्या मंडळाचा रोग मला कळला. आपलं मंडळ म्हणजे युनियन आहे."

अध्यक्ष दचकले. "काकू, आपल्याकडे युनियन वगैरे नाही हां. सगळे व्हॉलंटियर आहेत."

"कामगारांची युनियन नव्हे हो. कामगारांची ती लीग!"

"लीग म्हणजे... क्रिकेटची?"

"अरे देवा," म्हणून काकूंनी कपाळाला हात लावला आणि मग अध्यक्षांना शांतपणे समजावलं. गणपतीला हॉल फुटेस्तोवर भरतो आणि बाकी वर्षभर कथाकथनाला चार माणसं, त्यातली दोन कलाकाराची नातेवाईक. ही युनियनची तऱ्हा. लीगसारखं करा. दर महिन्याला छोटा कार्यक्रम, स्वस्त तिकीट, तीच माणसं, पण आपल्या खिशातून तिकीट काढणारी. अध्यक्षांनी "सजेशन नोट केलं" असं म्हटलं. म्हणजे काय ते अमेरिकेत राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मी मात्र चुकलो ते दुसरीकडेच. वाटलं, बिचाऱ्या एवढ्या तळमळीने बोलतात, आपणही जरा अभ्यास करावा. मी आठवडाभर वाचलं आणि पुढच्या शनिवारी काकू दारात आल्याबरोबर म्हणालो, "काकू, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. लीगचा प्रेक्षकच खरा. युनियनचे क्लब बघा, एकेक करून बुडतायत."

मला वाटलं होतं, खूश होतील. त्या सोफ्यामागे थबकल्या.

"असं काही नाही," त्या म्हणाल्या. "लीगचंही काही खरं नाही. चार गावं सोडली की बाहेर कोण ओळखतं लीगला?"

"पण काकू, तुम्हीच..."

"मी म्हणाले म्हणून तू म्हणायचंस?" त्यांनी चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि गेल्या.

पुढचे दोन शनिवार त्या आल्या नाहीत. खिडकीतून दिसायच्या. स्वेटर घालून ड्राइव्ह-वेच्या टोकापर्यंत यायच्या, मेलबॉक्सला हात लावायच्या आणि परत फिरायच्या. मग पुन्हा यायच्या.

निखिल मला कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना भेटला. डोळे तांबारलेले. "यार मंदार, आई म्हणते इंग्लंडचं तिकीट काढ. वन-वे. तिथलं घर विकलंय आम्ही. कुणाकडे जाणार आहे ती? मी विचारलं तर म्हणते, बघीन. रात्रंदिवस घरात चालत असते. इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले ॲडजस्टमेंट. दोन वर्षं झाली रे, अजून किती ॲडजस्टमेंट?" त्याने डबा कडेला सरकवला. "तुझ्याशी बोलते ना ती? या वीकेंडला तिला कुठेतरी घेऊन जा ना. माझं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

मी शोधलं. अर्ध्या तासावरच्या एका पार्कात हौशी क्लबची रग्बी मॅच होती. युनियनची. लीग आमच्या बाजूला काही सापडेना. भीत भीत काकूंना विचारलं.

"युनियन?" त्या म्हणाल्या. मग स्वेटर घेतला. "चल. बघू तरी, त्यांची इकडे काय अवस्था आहे ती."

अवस्था म्हणजे, स्टेडियम नाही, स्टँड नाही, मैदानाच्या कडेने दोरी आणि दोरीच्या बाहेर आपापल्या घडीच्या खुर्च्या आणलेली माणसं. कुणाची आई, कुणाची गर्लफ्रेंड, दोन-तीन कुत्री. वारा असा की कॉफीचे कप उडत होते. काकू दोरीच्या कडेने लगेच चालायला लागल्या आणि मी त्यांच्या मागे. चेंडू जिकडे जाईल तिकडे काकू. एकदा तर लाइनच्या पंचाच्या पुढे पळाल्या.

"सोड तो! पास कर! अरे, उजवीकडे मोकळा आहे की!" हे सगळं मराठीत. दोन नंबरच्या गोऱ्या जाड्या पोराने खरंच उजवीकडे पास दिला. योगायोगच, पण काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान डोलावली.

मॅच संपल्यावर टेबलावर कॉफी विकणारी बाई आमच्याकडे आली. क्लबाचं फेसबुकवरचं पान तीच सांभाळायची म्हणे. मॅचचा रिपोर्ट टाकायचा होता. काकूंना दोरीपाशी फिरत बोटाने माणसं मोजताना तिने पाहिलं होतं.

"तुम्ही मोजत होता ना? किती लोक असतील आज?"

काकूंनी एकदा मैदानाकडे पाहिलं. खेळाडू चिखलाने माखलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून निघाले होते. हरले होते.

"टू हंड्रेड, लव्ह," काकू म्हणाल्या. "इझी."

बाईचा चेहरा फुलला. "रिअली? दॅट्स अवर बेस्ट!"

गाडीत बसल्यावर मला राहवेना. "काकू, मीही मोजले. साठसुद्धा नव्हते."

"सत्तावन्न. आपल्याला धरून. कुत्री सोडून."

"मग दोनशे कशाला सांगितलेत?"

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. हायवे लागला, दोन एक्झिट गेले, तेव्हा बोलल्या.

"सवय लागली रे. डॉक्टर शेवटी घरीच होते. खालच्या खोलीत बेड लावला होता. औषधांनी डोळ्यांपुढे अंधारी यायची, फोन वाचता यायचा नाही. शनिवारी विचारायचे, शरयू, आमचं गेट किती? पहिल्या शनिवारी मी खरं सांगितलं. त्या वर्षी त्यांच्या क्लबाचे हाल होते, आमच्यापेक्षा कितीतरी कमी गेट. ते काही बोललेच नाहीत. डोळे मिटून पडून राहिले. मी म्हटलं, भांडा की माझ्याशी. नाही भांडले."

"मग?"

"मग पुढच्या शनिवारी मी थोडं वाढवलं. लीगपेक्षा एवढंसंच जास्त. लगेच उशी मागितली, उठून बसले. म्हणाले, कसं? कुठे गेली तुझी लीग? मीही भांडले, खोटं खोटं. भांडले की एक कप चहा जास्त घ्यायचे. मग मी दर शनिवारी वाढवत गेले. क्लबाचं कर्ज फेडून टाकलं, नवा स्पॉन्सर आणला, एका बाजूच्या स्टँडला छप्परसुद्धा घातलं." त्या किंचित हसल्या. "आयुष्यात कधी एका तिकिटाची गडबड केली नव्हती मी."

मी लेन बदलली.

"शेवटी एकदा डोळे मिटलेलेच होते त्यांचे. म्हणाले, शरयू, त्या मैदानात एवढी माणसं मावत नाहीत गं."

"अरे बापरे. मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, उभी होती. मागे, भिंतीपाशी." काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "केवढे हसले. खोकला आला हसता हसता. म्हणाले, पुढच्या शनिवारी पाऊस पडला म्हणून सांग आणि जरा कमी कर. नाहीतर कुणाला पटायचं नाही."

आमचा एक्झिट आला. सिग्नलला गाडी थांबली.

"ते शुक्रवारी गेले. दुसऱ्या दिवशी मॅच झाली असणार. फोनवर एका मिनिटात दिसेल, जगातलं प्रत्येक गेट दिसतं. ते एक मी नाही बघितलं."

घरासमोर गाडी उभी केली तेव्हा आत दिवे लागले होते. निखिल लॅपटॉप सोडून खिडकीशी आला होता. मी इंजिन बंद केलं, पण उतरायची घाई दोघांनीही केली नाही.

"मंदार," काकू म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी आहे का रे यांची मॅच इथे?"

"आहे," मी म्हणालो.

मला काही माहीत नव्हतं.